आधी थर्मामीटर, मग गळ (माझा अनुभव)

माहेर महाडचं, त्यामुळे नदीतले मासे म्हटलं की मला वाळणकोंडच आठवतं. आजोबा न्यायचे, डोहात कुरमुरे टाकले की मोठाले मासे वर यायचे, ते देवीचे, त्यांना कुणी धरत नाही. बाकी मासा आमच्याकडे ताटातच. म्हणून इथे न्यू जर्सीत शेजारच्या रिटायर्ड आजोबांनी माझ्या मुलाला फ्लाय फिशिंग (खोट्या माशीने मासे धरणं) शिकवतो म्हटलं, आणि मासा पकडून सोडून द्यायचा असंही सांगितलं, तेव्हा मला ते अजिबात पटलं नव्हतं. पण मुलगा हट्टाला पेटला, मग मीही शिकायचं ठरवलं.

लायसन्स ऑनलाइन लगेच निघालं. ट्राउट या गार पाण्यातल्या माशासाठी वेगळा स्टॅम्प लागतो तो राहिला होता, आदल्या रात्री लक्षात आलं म्हणून बरं. मुलगा १४चा, १६च्या आत इथे लायसन्स लागत नाही.

पहिल्या दिवशी केन लॉकवुड गॉर्जला गेलो, रॅरिटन नदीच्या साउथ ब्रांचवर, आणि शेजारच्या आजोबांनी तासभर रॉडच हातात दिला नाही, नुसते दगड उलटे करून बघायला लावले. खाली बारीक वाळूचे कण चिकटवून केलेली नळीसारखी घरं, आत कॅडिस नावाच्या किड्याची अळी. ट्राउट हेच खातो, आणि असे किडे भरपूर असतील तर पाणी चांगलं समजायचं. मग कास्टिंग, म्हणजे दोरी (लाइन) लांब फेकणं. आपल्या गळाला शिसं असतं, त्याच्या वजनाने दोरी लांब जाते, इथे हुकाला पिसं नि दोरा गुंडाळलेली माशी, तिला वजनच नाही, वजन असतं लाइनला, म्हणून हात मागे नेला की थांबायचं, लाइन मागे पूर्ण सरळ होऊ द्यायची आणि मगच पुढे. ते थांबणं मला तीन वीकेंड जमलं नाही, निम्मा वेळ झाडात अडकलेल्या माश्या सोडवण्यात गेला.

मे महिन्यात डोंगरातल्या एका छोट्या ओढ्यावर (नाव मुद्दाम देत नाहीये) मला पहिला ब्रूक ट्राउट लागला. वीतभरसुद्धा नव्हता, पोट केशरी, अंगावर लाल ठिपके आणि त्यांना निळी कडा. इथला मूळचा ट्राउट हा एकच, ब्राउन ट्राउट युरोपातून आणलेला, रेनबो ट्राउट अमेरिकेच्या पश्चिमेकडून. २०१८पासून राज्याच्या उत्तर भागात ब्रूक ट्राउट मिळाला तर लगेच सोडावाच लागतो. हुकाच्या टोकाचा उलटा काटा आधीच पकडीने दाबून टाकला होता, हात ओले केले, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा चिकट थर निघतो, आणि पाण्यातच हुक काढला. दोन सेकंद तळहातावर थांबला आणि गेला. तेव्हा मला रडूच आलं, माझ्या आजोबांचा तो वाळणकोंडचा डोह आठवला.

जुलैत तासभर गाडी चालवून पोचलो, थर्मामीटर टाकला तर ७२ फॅरनहाइट. ६८च्या, म्हणजे २० सेल्सियसच्या वर गेलं की ट्राउट धरायचा नाही. गरम पाण्यात ऑक्सिजन कमी, झुंजून दमलेला मासा सोडला तरी नंतर मरू शकतो. रॉड न काढता परत आलो, मुलगा वाटभर बोलला नाही. पण घरी आल्यावर त्यानेच विचारलं, पाणी गार ठेवायला काय करता येतं?

सावली, हे पहिलं उत्तर. आणि अडवलेलं, साचून तापणारं पाणी मोकळं करणं. मस्कोनेटकाँग नदीवरचा ह्यूजव्हिलचा बंधारा २०१६मध्ये पाडला तर पुढच्याच वर्षी शॅड मासे वर चढून आले, आपल्या हिलशासारखे समुद्रातून नदीत येणारे. बंधारा पाडणं आपल्या हातात नाही, काठावर झाडं लावणं आहे. या मार्चमध्ये एका ग्रुपबरोबर विलो झाडाच्या काठ्या तोडून काठाच्या ओल्या मातीत रोवल्या, त्याला मुळं आपोआप फुटतात, आमच्या वाट्याच्या अकरा. परवा बघून आलो, सातांना पालवी आहे, चार हरणांनी खाल्ल्या. शनिवारी जाऊन सगळ्यांना जाळी बांधणार आहोत.