तुम्ही विचारलंत म्हणून: लॉरेन्सच का?

गिरणी कामगारांवर बोलायला गेले की एक प्रश्न हमखास येतो: "मुंबईचा 1982 चा संप आपल्या घरचा, मग तुम्ही अमेरिकेतल्या लॉरेन्सपासून का सुरुवात करता?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. कॅमेला तेओलीच्या घरासाठी.

लॉरेन्स हे मॅसॅच्युसेट्समधलं कापड गिरण्यांचं शहर. 1 जानेवारी 1912 पासून कायद्याने बायका-मुलांचे कामाचे तास आठवड्याला 56 वरून 54 केले आणि मालकांनी त्या दोन तासांचा पगार कापला. 11 जानेवारीला पोलिश बायकांनी माग थांबवले. बघता बघता वीस हजारांहून जास्त कामगार बाहेर पडले.

कॅमेला इटालियन कामगाराची पोर. बापाच्या पगारात घर भागेना. एक माणूस दारी आला आणि चार डॉलरमध्ये ती चौदा वर्षांची असल्याचे कागद करून देतो म्हणाला. बापाने ते पैसे दिले. त्या बापाला दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पोर कामाला लागली आणि थोड्याच दिवसांत यंत्रात केस अडकून तिच्या डोक्याची कातडी निघाली. सात महिने ती इस्पितळात होती.

संपात चूल थंडावली तेव्हा आईबापांनी मुलं न्यूयॉर्कला अनोळखी घरांत धाडली. पहिल्या खेपेला 119 गेली. 24 फेब्रुवारीला मुलांची आणखी एक तुकडी निघाली, तर पोलिसांनी स्टेशनातच आयांना आणि लेकरांना झोडपलं. देश खवळला, वॉशिंग्टनला चौकशी बसली, आणि राष्ट्राध्यक्षांची पत्नी समोर ऐकत असताना कॅमेलाने साक्ष दिली. संपावर का गेलीस? घरी पोटभर मिळत नव्हतं म्हणून. ज्या घराने तिचं वय लपवलं, त्याच घरातली पोर आता सगळ्या देशासमोर खरं सांगत होती. घर बदलतं म्हणतात ते हे.

पुढे मात्र ती घरात याबद्दल अवाक्षर बोलली नाही. 1970 च्या दशकात एक पत्रकार तिच्या मुलीकडे गेला, तेव्हा कॅमेला हयात नव्हती. आईच्या डोक्यावरचा तो चट्टा झाकला जाईल असा अंबाडा ही मुलगी घालून द्यायची. साक्षीचं तिला ठाऊकच नव्हतं. हे वाचलं आणि लॉरेन्स माझ्या मनातून गेलंच नाही.

धाडलेल्या मुलांचं काय झालं, हेही विचारता. मार्चच्या मध्याला संप जिंकला, पगार वाढले, आणि महिनाअखेरीस ती घरी आली.