बोर्दोची लाल वाइन: तुरटपणा ओळखायचा कसा, मुरवायचा कसा

फ्रान्सच्या बोर्दो भागातली तरुण लाल वाइन पहिल्यांदा तोंडात घेतली की आपल्याकडच्या बहुतेकांच्या तोंडून एकच शब्द निघतो: तुरट. हा शब्द आपल्याकडे तयार असणं ही मोठी सोय आहे. इंग्रजीतून वाइन शिकणाऱ्याला टॅनिन, म्हणजे तुरटपणा आणणारं द्रव्य, हे आधी समजावून घ्यावं लागतं, आणि कडू व तुरट यांतला फरक जिभेवर बसायला वेळ जातो. सुपारी, आवळा, कात, जांभूळ खाऊन वाढलेल्या माणसाला तो लहानपणापासून ठाऊक असतो. कडू ही चव आहे. तुरट हा स्पर्श जास्त आहे: लाळेतली प्रथिनं टॅनिनला चिकटून गोळा होतात, लाळेचा बुळबुळीतपणा जातो आणि जीभ, हिरड्या, गाल आवळल्यासारखे खरखरीत लागतात. बाटली पंधरा वर्षं ठेवायची की येत्या शनिवारी उघडायची, याचं निम्मं उत्तर या खरखरीतपणात असतं. लेबल तेवढं सांगत नाही.

गारोन आणि दोर्दोन्य या दोन नद्या बोर्दो शहराच्या उत्तरेला एकत्र येतात आणि त्यांची मिळून झालेली जिरोंदची रुंद खाडी अटलांटिकला मिळते. गारोन आणि जिरोंदच्या डाव्या काठाला मेदोक आणि ग्राव्ह, म्हणजे गोट्या-रेतीची जमीन. गोटे पाण्याचा निचरा करतात, दिवसा तापतात, आणि उशिरा पिकणारं कॅबर्ने सोव्हिन्याँ हे द्राक्ष तिथे नीट तयार होतं. दोर्दोन्यच्या उजव्या काठाला सँत-एमिलियाँ आणि पोमरोल. तिथे चिकणमाती आणि चुनखडी जास्त, जमीन थंड, म्हणून लवकर पिकणारं मेर्लो आणि जोडीला कॅबर्ने फ्राँ. अख्ख्या बोर्दोत लाल द्राक्षांमध्ये सर्वांत जास्त लागवड मेर्लोचीच आहे, पण तुरटपणाचा खरा कणा कॅबर्ने सोव्हिन्याँचा. त्याचं फळ बारीक, साल जाड, आणि टॅनिन सालीत आणि बियांत असतं. मेदोकमधल्या पोयाक किंवा सँत-एस्तेफ या गावांची वाइन उशिरा मऊ होते आणि पोमरोलची लवकर, यामागे बरंचसं हेच कारण आहे.

वाइन आंबवताना सालं आणि बिया रसातच राहू देतात, साधारण तीन आठवडे. नंतर चांगल्या शातोंमध्ये, म्हणजे द्राक्षमळा असलेल्या वाइनघरांमध्ये, ती ओकच्या पिंपात 12 ते 18 महिने ठेवतात. बोर्दोचं ठरलेलं पिंप 225 लिटरचं, म्हणजे बरोबर 300 बाटल्यांचं. ओकच्या लाकडातूनही थोडं टॅनिन उतरतं, आणि आतून भाजलेल्या पिंपाचा धुरकट, व्हॅनिलासारखा वास येतो. जुन्या पद्धतीने काम करणारे अजूनही एका पिंपाला पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक फेटून घालतात. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो तसाच हा प्रकार: बलकातली प्रथिनं सर्वांत रखरखीत टॅनिनला धरून तळाशी नेतात आणि वाइन निवळते. उरलेल्या पिवळ्या बलकातून कानेले हा बोर्दोचा बाहेरून करपट, आतून मऊ केक जन्मला, असं इथे बोर्दोत सगळे सांगतात. चहात दूध घातलं की त्याचा तुरटपणा उतरतो, तिथेही काम प्रथिनंच करत असतात.

आता चव घेण्याबद्दल. ट्यूलिपच्या आकाराचा, तोंडाशी निमुळता ग्लास घ्या आणि तिसरा हिस्साच भरा. वरची मोकळी जागा वासासाठी लागते. पांढऱ्या कागदावर ग्लास तिरका धरून कडेचा रंग बघा. जांभळट कड म्हणजे वाइन तरुण, गुंजेसारखी लाल म्हणजे मधली, विटकरी म्हणजे वय झालेली. मग ग्लास न हलवता पहिला वास घ्या. हे पाऊल लोक हमखास गाळतात आणि तिथेच चुकतात, कारण बिघाडाचे हलके वास या पहिल्या वासात सर्वांत स्पष्ट कळतात. त्यानंतर ग्लास फिरवून दुसरा वास. तरुण कॅबर्नेत कासिस नावाच्या काळ्या आंबटगोड फळाचा वास येतो. आपल्याकडचं सर्वांत जवळचं फळ म्हणजे पिकलेलं करवंद. सोबत देवदाराचं लाकूड, तासलेली पेन्सिल, लवंग. हिरव्या ढोबळी मिरचीचा वास ठसठशीत आला तर ते कॅबर्ने पुरतं पिकण्याआधी तोडलेलं आहे असं समजा.

घोट मोठा चमचाभर. तोंडात दहा सेकंद सगळीकडे फिरवा, ओठ किंचित उघडून थोडी हवा आत ओढा, आणि थुंका. इथे पिंपांच्या खोलीत प्रत्येक जण थुंकतो आणि त्यात कोणाला काही गैर वाटत नाही. न थुंकता दहा वाइन चाखल्या तर अकरावीबद्दलचं मत बिनकामाचं असतं. थुंकल्यावर जीभ वरच्या हिरड्यांवरून फिरवा. इथेच खरी पारख होते. पिकलेल्या जांभळाचा तुरटपणा आठवा: आवळतो, पण त्याच्या मागोमाग रस असतो, आणि खरखर बारीक, कोकोच्या पुडीसारखी असते. हा तुरटपणा मुरेल. कच्च्या केळ्याच्या सालीचा तुरटपणा वेगळा: कोरडा, हिरवट, मागे काहीच नसलेला. तो न पिकलेल्या बियांतून किंवा सालं जास्त पिळल्यामुळे येतो, आणि वीस वर्षांनीही तसाच राहतो. मधल्या काळात फळ मात्र निघून जातं, म्हणून अशी वाइन जुनी झाल्यावर आणखीच रुक्ष लागते. "आत्ता तुरट आहे, म्हणजे ठेवली की छान होईल" या समजुतीने सर्वांत जास्त पैसे वाया जातात.

दुसरी खूण म्हणजे चव किती वेळ टिकते. थुंकल्यानंतर वास आणि चव किती सेकंद रेंगाळते ते मनात मोजा. फ्रेंचांनी त्या एका सेकंदाला कोदाली असं नावच दिलं आहे. तीन-चार कोदाली म्हणजे रोजच्या जेवणाची वाइन. दहाच्या पुढे गेली, आणि त्यात फक्त तुरटपणा नव्हे तर फळही टिकलं, तर ती ठेवण्यासारखी. आंबटपणाही हवा. पिकलेलं फळ, तुरटपणा आणि आंबटपणा या तिन्हींपैकी एक जरी लंगडं असेल तर काळ त्याची भरपाई करत नाही.

बिघाड ओळखणं सोपं आहे, वास एकदा डोक्यात बसला की झालं. पावसाळ्यात ओल धरलेल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर बुचातून ट्रायक्लोरोअॅनिसोल उतरलं आहे. हे रसायन इतकं तीव्र की लिटरमागे काही नॅनोग्रॅममध्येही फळाचा वास मारून टाकतं. हवा देऊन तो जात नाही. बाटली दुकानात परत न्या. तबेल्याचा, घोड्याच्या घामाचा वास ब्रेटानोमायसिस नावाच्या यीस्टचा. किंचित असेल तर काहींना आवडतोसुद्धा, वाढला की वाइन खाऊन टाकतो. नेलपॉलिश रिमूव्हर किंवा सिरक्याचा वास म्हणजे वाइन सिरक्याकडे झुकली. कापून ठेवलेल्या सफरचंदाचा, अक्रोडाचा वास म्हणजे हवा लागली. सडलेल्या अंड्याचा किंवा कोबीचा वास मात्र घाबरण्यासारखा नाही. वाइनला हवा कमी मिळाल्याचा तो वास बहुतेक वेळा अर्ध्या तासात उडून जातो.

बाटलीत नेमकं होतं काय? टॅनिनचे रेणू एकमेकांना आणि रंगद्रव्यांना जोडले जातात, साखळ्या मोठ्या होतात, आणि शेवटी जड होऊन तळाशी बसतात. त्यालाच आपण साका म्हणतो. म्हणून जुनी वाइन एकाच वेळी फिकी आणि मऊ होते: रंग आणि तुरटपणा दोन्ही साक्यात गेलेले असतात. फळाच्या वासाची जागा चामडं, तंबाखू, ओली पानं, आळिंबी घेतात. मुरलेल्या लोणच्यात मीठ, तिखट, आंबट वेगवेगळं लागत नाही, तशीच मुरलेल्या पोयाकमध्ये कुठली चव कुठे संपली ते सांगता येत नाही. पण लोणच्यासारखं ती झाली की झाली, असं होत नाही. बाटलीत भरल्यावर दोन-चार वर्षांनी चांगल्या वाइन अनेकदा मुक्या होतात; फ्रेंच त्याला 'फेर्मे', म्हणजे बंद, म्हणतात. फळ गेलेलं, तुरटपणा तसाच. तेव्हा निराश होऊन सगळ्या बाटल्या संपवू नयेत. एकाच वाइनच्या सहा बाटल्या घ्याव्यात, पाचव्या-सहाव्या वर्षी पहिली उघडावी, मग दर दोन वर्षांनी एक, आणि प्रत्येक वेळी दोन ओळी लिहून ठेवाव्यात. याहून चांगली शाळा नाही.

ठेवायची कोणती? लेबलवर नुसतं 'बोर्दो' लिहिलेली साधी वाइन दोन ते चार वर्षांत पिऊन टाका. तिला तळघर दाखवून काही फायदा नाही. मेदोकची क्रू बूर्झ्वा, म्हणजे पुढे येणाऱ्या 1855 च्या यादीबाहेरच्या चांगल्या शातोंची वाइन, पाच ते दहा वर्षं. 1855 मध्ये पॅरिसच्या प्रदर्शनासाठी मुख्यतः मेदोकच्या शातोंची जी पाच पायऱ्यांची यादी झाली तिच्यातल्या वाइन दहा ते पंचवीस वर्षं, काही त्याहून जास्त. ही यादी आजही जवळपास तशीच आहे. मोठा बदल एकच, 1973 मध्ये मूतों-रोशिल्ड या शातोला पहिल्या पायरीवर घेतलं. सँत-एमिलियाँची वेगळी यादी साधारण दर दहा वर्षांनी नव्याने होते, आणि पोमरोलला यादीच नाही. साल बघणं मात्र सगळीकडे महत्त्वाचं. 2005, 2010 आणि 2016 ही भरघोस, कणखर टॅनिनची सालं. 2009 तितकंच नावाजलेलं, पण मऊ आणि रसाळ, लवकर खुलणारं. 2013 थंड आणि पावसाळी गेलं, ते ठेवण्याचं नाही. 2012 आणि 2014 यांची चर्चा फार झाली नाही, म्हणून त्यांचे भाव बरे असतात आणि ती आता पिण्याजोगी झाली आहेत. आमच्या मते बेताच्या बजेटमध्ये मुरलेली बोर्दो काय असते हे समजून घ्यायला हीच सालं घ्यावीत.

साठवण 12 ते 14 अंशांत, 70 टक्क्यांच्या आसपास ओलावा, अंधार, आणि बाटली आडवी, म्हणजे बूच ओलं राहतं. उन्हाळ्या-हिवाळ्यात तापमान हळूहळू तीन-चार अंशांनी हललं तरी चालतं. घात करतो तो रोजचा चढउतार. वाइन तापली की प्रसरण पावून बूच ढकलते, थंडावली की हवा आत ओढते. बूच बाहेर डोकावत असेल किंवा वरची पन्नी चिकट लागत असेल तर हे आधीच घडलेलं आहे. पुण्या-नागपूरच्या कपाटात एक उन्हाळा काढलेली बाटली शिजलेल्या मनुकांसारखी लागते, आणि त्याला इलाज नाही. भारतात परतताना 2 लिटरपर्यंत मद्य ड्यूटीशिवाय आणता येतं, म्हणजे 750 मिलीच्या दोन आणि 375 मिलीची एक. घरी वाइनचं वेगळं कपाट नसेल तर फ्रिजच्या भाजीच्या कप्प्यात आडवी ठेवा आणि काही महिन्यांत उघडा. वर्षानुवर्षं फ्रिजही नको, तिथली हवा कोरडी असते आणि कॉम्प्रेसरची थरथर चालू असते. अर्धी बाटली लवकर मुरते, दीड लिटरची मॅग्नम सावकाश, कारण बुचातून येणारी हवा जवळपास तेवढीच आणि वाइन दुप्पट.

पंधरा-वीस वर्षांची बाटली उघडायची असेल तर दोन दिवस आधी उभी करून ठेवा. प्रवास करून आलेली असेल तर दोन आठवडे. पन्नी ओठाच्या खालून कापा, बाटलीचं तोंड ओल्या फडक्याने पुसा. जुनं बूच साध्या स्क्रूने चुरतं. दोन पातळ पात्यांचं हत्यार मिळतं, ती पाती बूच आणि काच यांच्यामध्ये आळीपाळीने सरकवून पिळत वर काढायचं. तुकडे पडलेच तर धुतलेल्या, बिनवासाच्या मलमलीतून गाळा. मग बाटलीच्या खांद्याखाली मेणबत्ती किंवा मोबाइलचा दिवा ठेवा आणि एका दमात, न थांबता, सुरईत ओता. मध्ये थांबून बाटली सरळ केली की साका ढवळतो आणि सगळी मेहनत फुकट. सुरुवातीला काचेतून नितळ लाल धार दिसते. शेवटी खांद्यापाशी एक काळसर रेघ धुरासारखी पुढे सरकते. ती मानेपर्यंत आली की हात थांबवा. चार-पाच चमचे वाइन बाटलीत राहील, ती राहू द्या. साका कडवट असतो.

तरुण, तुरट वाइनला सुरईत एक-दोन तास हवा द्या. वीस वर्षांपुढची वाइन मात्र वाढायच्या वेळीच ओता. तिचा सुगंध कधीकधी तासाभरात विरतो.

पिताना 16 ते 18 अंश. "लाल वाइन खोलीच्या तापमानाला" हा नियम जुन्या दगडी, थंड घरांचा आहे. आपल्या तीस अंशांच्या खोलीत त्या नियमाने अल्कोहोल नाकात जातं आणि तुरटपणा विस्कटतो. बर्फ घातलेल्या पाण्यात बारा-पंधरा मिनिटं, किंवा फ्रिजमध्ये सुमारे दीड तास ठेवा. फार गार केलीत तर टॅनिन आणखी कडक लागतं. जोडीला चरबी आणि प्रथिनं असलेलं काही हवं: इथे बीफ किंवा कोकराचं मांस, आपल्याकडे कमी तिखटाचं मटण किंवा जुनं चीज. झणझणीत रश्शाबरोबर तरुण मेदोक नको, तिखट आणि तुरट एकमेकांना भडकवतात. उरलेली तरुण वाइन बूच लावून फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस टिकते. जुनी त्याच संध्याकाळी संपवा.