व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाला उठवून बसवताना

मी अतिदक्षता विभागात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करते. तिथे भेटीच्या वेळेत येणारे नातेवाईक मला बहुतेक वेळा एकच विनंती करतात, "ताई, त्यांना जरा शांत पडू द्या ना." या विनंतीमागची माया मला समजते. तोंडात नळी, मानेत सलाईनची सुई आणि पलंगाच्या कडेला लघवीची पिशवी अशा अवस्थेत असलेल्या आपल्या माणसाला कोणी कुशीवर वळवत आहे, पाय उचलायला सांगत आहे, हे पाहवत नाही. परंतु गंभीर आजारात नुसते पडून राहण्याने शरीराचे नुकसान होते आणि ते अतिशय वेगाने होते, हे प्रत्येक कुटुंबाला पहिल्याच भेटीत सांगितले पाहिजे असे मला मनापासून वाटते.

२०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अतिदक्षता विभागातील रुग्णांच्या मांडीच्या पुढच्या स्नायूचे सोनोग्राफीने मोजमाप केले, तेव्हा अवघ्या १० दिवसांत त्याचे आकारमान सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी घटल्याचे आढळले. ज्यांचे एकाहून अधिक अवयव निकामी झाले होते त्यांच्यात ही घट आणखी मोठी होती. श्वासपटलाची, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधल्या श्वासाच्या मुख्य स्नायूची गोष्ट तर याहून गंभीर आहे. श्वास घेण्याचे सगळे काम यंत्राने केले आणि श्वासपटल १८ ते ६९ तास निष्क्रिय राहिले, तर त्याचे तंतू निम्म्याहून बारीक होतात, असे २००८ सालच्या संशोधनात दिसले. न्यूमोनिया बरा झाला, रक्तदाब स्थिरावला, तरीही रुग्णाची नळी निघत नाही, याचे कारण पुष्कळदा इथे सापडते.

गंभीर रुग्णांच्या श्वसनाची काळजी आणि आमचा व्यवसाय यांचा संबंध जुना आहे. १९५२ साली कोपनहेगनमध्ये पोलिओची साथ आली असताना ब्यॉर्न इब्सेन या भूलतज्ज्ञाच्या सल्ल्याने रुग्णांच्या श्वासनलिकेत छेद देऊन नळी घालण्यात आली आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांनी पाळीपाळीने हाताने पिशवी दाबून त्यांचा श्वास चालू ठेवला. आजच्या अतिदक्षता विभागाची सुरुवात तिथून मानली जाते. साधारण त्याच काळात मुंबईत के. ई. एम. रुग्णालयात फिजिओथेरपीचे शिक्षण सुरू झाले आणि त्यामागेही पोलिओचीच निकड होती.

आजही अनेकांच्या मनात छातीची फिजिओथेरपी म्हणजे हाताची ओंजळ करून पाठीवर थापट्या मारणे, एवढेच चित्र आहे. काही ठिकाणी तर केसपेपरवर "चेस्ट फिजिओ, दिवसातून तीनदा" असे सरसकट लिहिले जाते आणि मग रुग्णाला कफ असो वा नसो, थापट्या सुरू होतात. माझा या पद्धतीला स्पष्ट विरोध आहे. प्रत्येक रुग्णाला सरसकट थापट्या मारल्याने फायदा होतो याला भक्कम पुरावा नाही. बरगड्या मोडलेल्या किंवा प्लेटलेट्स फार कमी झालेल्या रुग्णाला तर त्यापासून इजा होऊ शकते. आधी तपासावे आणि मगच हात लावावा. छातीवर तळहात ठेवला की आत साठलेल्या कफाची खरखर बोटांना जाणवते. व्हेंटिलेटरच्या पडद्यावर श्वासाच्या प्रवाहाची गुळगुळीत दिसणारी रेषा करवतीच्या दात्यांसारखी होते, तीही कफाचीच खूण असते. कोणत्या बाजूचे फुफ्फुस बंद पडले आहे हे एक्स-रे आणि स्टेथोस्कोपने ठरवून त्यानुसार रुग्णाची कूस बदलायची, यंत्रातून जाणारी हवा पुरेशी दमट आणि उबदार आहे ना हे पाहायचे, आणि गरज असेल तेव्हाच सक्शन करायचे, म्हणजे नळीतला कफ यंत्राने ओढून काढायचा, तेही आधी ऑक्सिजन वाढवून आणि १५ सेकंदांच्या आत. नळीत सलाईन टाकून कफ पातळ करण्याची जुनी सवय मात्र आता सोडून द्यायला हवी. पलंगाचे डोके ३० ते ४५ अंश उचललेले ठेवणे हे दिसायला किरकोळ काम आहे, परंतु फेरीत मी आधी तेच पाहते.

रुग्णाला उठवून बसवण्याबाबत मात्र अधिक विस्ताराने लिहायला हवे, कारण इथे उत्साह आणि भीती दोन्ही घातक ठरतात. २००९ साली एका महत्त्वाच्या अभ्यासात व्हेंटिलेटरवरील रुग्णांची झोपेची औषधे रोज थांबवून, ते जागे असताना लवकर व्यायाम सुरू करण्यात आला. त्यांच्यापैकी ५९ टक्के रुग्ण रुग्णालयातून निघताना स्वतःची कामे स्वतः करू शकत होते, तर नेहमीचे उपचार मिळालेल्या गटात हे प्रमाण ३५ टक्के होते. पुढे २०२२ साली ७५० रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र जास्तीत जास्त हालचालीचा आग्रह धरलेल्या गटाला अधिक लाभ झाला नाही, उलट त्यांच्यात अनिष्ट घटना जास्त घडल्या. या निष्कर्षाचा आधार घेऊन रुग्णाला झोपवूनच ठेवावे असे म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही, कारण त्या चाचणीतल्या दुसऱ्या गटालाही रोज थोडा वेळ हालचाल दिली जात होती. मला त्यातून समजते ते असे, की औषधाप्रमाणे व्यायामाचीही मात्रा असते आणि ती रोज सकाळी नव्याने ठरवावी लागते.

प्रत्यक्षात हे काम एकट्याचे नसते. सिस्टर नळीच्या बाजूला उभ्या राहून ती एका हाताने धरून ठेवतात, वॉर्डातले मदतनीस मामा पाठीमागून आधार देतात, आणि मी समोर उभी राहून रुग्णाचे गुडघे माझ्या गुडघ्यांनी अडवते. पाय खाली सोडण्याआधी प्रत्येक नळीची लांबी पुरते का ते पाहून घेतले जाते. पहिल्यांदा बसल्यावर मान सावरत नाही, हनुवटी छातीवर टेकते, घाम येतो. अशा वेळी माझी नजर रुग्णाच्या चेहऱ्यावर आणि मॉनिटरवर आळीपाळीने असते. ऑक्सिजनचे प्रमाण ९० टक्क्यांच्या खाली उतरू लागले, रक्तदाब पडला किंवा श्वासाची गती फार वाढली, तर लगेच झोपवायचे आणि त्याबद्दल कुणी वाईट वाटून घ्यायचे नाही. "काका, समोरच्या खिडकीकडे बघा," असे सांगितल्यावर मान हळूहळू वर आली, तर त्या दिवसाचे उद्दिष्ट पूर्ण झाले असे आम्ही समजतो.

अतिदक्षता विभागातून बाहेर पडल्यावरचा काळ आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित राहतो. थकवा, हातापायांतली कमजोरी, विस्मरण, भीतीदायक स्वप्ने हे सर्व महिनोन्महिने टिकू शकते, आणि घरच्यांना मात्र "आता बरे झाले" एवढेच सांगितलेले असते. त्यातही आपल्या माणसांच्या गरजा आपल्या राहणीतून येतात. जमिनीवर मांडी घालून जेवायला बसता येणे, तिथून कुणाचाही हात न धरता उठता येणे आणि गावाकडच्या संडासात उकिडवे बसता येणे, ही उद्दिष्टे परदेशी तक्त्यांत क्वचितच सापडतात. म्हणून मी डिस्चार्जच्या कागदाबरोबर एक वेगळे पान देते. त्यावर रुग्ण आज किती पावले चालतो, किती पायऱ्या चढतो आणि खुर्चीवरून उठायला त्याला किती आधार लागतो, हे लिहिलेले असते, म्हणजे तालुक्याच्या गावातल्या फिजिओथेरपिस्टला पुढचे काम नेमके तिथून सुरू करता येते.