सांगोल्याचा अकरावा आकडा आणि दहा रुपयांचा स्टॅम्प : माझा अनुभव

आधी एक सांगून टाकतो नाहीतर विसरेन, माहिती अधिकाराचा अर्ज द्यायला जाणार असाल तर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आदल्या दिवशीच घेऊन ठेवा. मी तिथं जाऊन घेऊ म्हटलं, वेंडर म्हणाला दहाचे संपले, उद्या या. उद्या गेलो तर वेंडरच नाही. माझे सगळ्यात पहिले दोन दिवस असे गेले, तेही उन्हाळ्यात, एसटीनं.

तर झालं असं की आमच्या तात्यांशी पैज लागली. मी आपल्या सांगोला विधानसभा मतदारसंघाचा सगळा इतिहास एका तक्त्यात करायला घेतला होता, कोण कधी निवडून आलं, कोण पडलं, मतदारसंघाच्या हद्दी कधी बदलल्या असं सगळं. तात्या म्हणाले त्यात काय करायचंय, गणपतआबा, म्हणजे आपले आबासाहेब गणपतराव देशमुख, अकरा वेळा आमदार, दोनदा पडले, झाला इतिहास. मी म्हटलं थांबा, मोजून सांगतो.

निवडणूक आयोगाच्या साइटवर प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचे अहवाल पीडीएफमध्ये आहेत, एका संध्याकाळी सगळे उतरवून घेतले, काही त्रास झाला नाही. गणपतराव देशमुख, शेतकरी कामगार पक्ष : 1962, 1967, 1978, 1980, 1985, 1990, 1999, 2004, 2009, 2014. मोजा. दहाच होतात! मी तीनदा मोजले, मग बायकोला मोजायला लावले. 1972 ला काँग्रेसचे काकासाहेब साळुंखे आले आणि 1995 ला शहाजीबापू पाटील, ते फक्त 192 मतांनी, म्हणजे तात्यांनी सांगितलेले दोन पराभव बरोबर, पण जिंकायचा एक कमी पडत होता.

तात्या म्हणाले, "अरे येड्या, मधी पोटनिवडणूक झालीवती की. दुष्काळाच्या मागनं."

आता पोटनिवडणूक सार्वत्रिकच्या अहवालात येणार कशी, हे माझ्या तेव्हा लक्षातच आलं नाही. तुम्ही कुणी आपल्या मतदारसंघाचं असं काही करणार असाल तर हे आधी डोक्यात घ्या, दोन सार्वत्रिक निवडणुकांच्या मधे आमदार वारले किंवा राजीनामा दिला की तिथं एक भोक असतं आणि ते मोठ्या अहवालात दिसत नाही. पण नुसत्या तात्यांच्या शब्दावर मी आकडा लिहिणार नव्हतो. मला कागद पाहिजे होता. इथंच चुकलं माझं.

मग त्या कागदासाठी माहिती अधिकाराचा अर्ज आणि ते ऑफिस. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही, सगळीकडे तेच टेबल आणि तीच खुर्चीवर टाकलेली टॉवेलची घडी. पहिल्या दिवशी क्लार्क म्हणाले "कशाला पाहिजे?" मी म्हटलं इतिहासासाठी. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी जमिनीच्या केसचा कुणाचा तरी माणूस आहे आणि खोटं बोलतोय. मग म्हणाले नेटवर बघा ना. मी म्हटलं नेटवर नाहीये म्हणूनच आलोय. "मग नसंलच."

अर्ज दिला. आठ दिवसांनी तो परत. कारण काय तर एका अर्जात दोन विषय आहेत. मी पोटनिवडणुकीचा निकाल मागितला होता आणि खाली एका ओळीत, 1962 ला मतदारसंघात कोणती गावं होती त्याची यादीही मागितली होती. तर आपल्या महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांत पाहिजे. नियम आहे, मान्य, पण हे अर्ज घेतानाच सांगायला काय जात होतं? आठ दिवस तो अर्ज तिथं काय करत होता? परत दोन स्टॅम्प, परत दोन अर्ज, परत एसटी. आणि पोच मागितली तर म्हणाले शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, साहेब मीटिंगला. पोच घेतल्याशिवाय हलू नका, मी दुपारी साडेतीनपर्यंत बाकड्यावर बसलो आणि घेतली, पुढं अपिलाला तीच कामाला आली.

तीस दिवस मोजत बसलो. एकतिसाव्या दिवशी पत्र, की सदर माहिती या कार्यालयाशी संबंधित नसल्याने कलम 6(3) नुसार अर्ज अमुक कार्यालयाकडे वर्ग करण्यात येत आहे. वर्ग करायला कायद्यात पाच दिवस आहेत, यांनी तीस घेतले. त्या अमुक कार्यालयात गेलो तर आवक रजिस्टरला अर्जच नाही! परत पहिल्या ऑफिसात. जावकला नोंद आहे, म्हणजे पाठवलाय. मग मधल्या दोन गल्ल्यांत तो गेला कुठं? दोन्ही ऑफिसं एकमेकांपासून चालत सात मिनिटांवर आहेत. मी स्वतः दोनदा चाललोय. शेवटी क्लार्क म्हणाले, आता थोडे नरमले होते, "अहो साहेब, इतकं जुनं कोण ठेवतंय, अभिलेख नष्ट झाला असंल. तसं लिहून देऊ का?" मी म्हटलं द्या. तर नष्ट केल्याची नोंद सापडल्याशिवाय तसं लिहून देता येत नाही म्हणे. म्हणजे आहे असंही नाही आणि नाही असंही नाही. त्या दिवशी मी खरंच वैतागलो, थोडा आवाज चढला माझा, चढायला नको होता. वीस रुपयांचा स्टॅम्प लावून पहिलं अपील टाकलं आणि घरी आलो.

कागद मिळाला तो वेगळ्याच वाटेनं. कॉलेजचा एक मित्र मुंबईत असतो, त्याच्या ओळखीच्या एकाकडं जुन्या विधानसभांच्या सदस्यांच्या याद्या होत्या. त्यानं चौथ्या विधानसभेच्या, म्हणजे 1972 ला निवडून आलेल्या सभागृहाच्या यादीचा फोटो पाठवला. सांगोल्याच्या नावासमोर दोन माणसं. काकासाहेब साळुंखे, आणि त्यांच्यानंतर 1974 च्या पोटनिवडणुकीतून गणपतराव. काकासाहेबांच्या निधनानं जागा रिकामी झाली होती. म्हणजे अकरा. पैजेचं मटण मला द्यावं लागलं. तात्यांनी शेजाऱ्यांनाही बोलावलं.

त्यामुळं माझा सल्ला, आधी सदस्यांच्या याद्या बघा, ऑफिसात शेवटी जा. मी नेमका उलटा गेलो. पोटनिवडणुकीचा निकालही राजपत्रात छापावा लागतो, तर मोठ्या वाचनालयात राजपत्राचे जुने गठ्ठे असतील तर तेही चालतं.

गावांच्या यादीचा दुसरा अर्ज अजून फिरतोच आहे. हद्दींचं थोडक्यात सांगतो कारण लोक इथं फसतात. 1962 ला महाराष्ट्रात 264 जागा होत्या, 1967 ला 270 झाल्या, 1978 ला 288, आणि दर वेळी रेषा परत आखल्या गेल्या. मग 1978 पासून 2004 पर्यंत सात निवडणुका एकाच नकाशावर झाल्या, कारण आणीबाणीत घटनादुरुस्ती करून जागांचं सगळं गोठवलं होतं. सध्याचा नकाशा 2008 चा, त्यात आपला नंबर 253, आख्खा सांगोला तालुका आणि वर पंढरपूर तालुक्यातलं भाळवणी महसूल मंडळ, आणि लोकसभेला आपण माढ्यात. म्हणून "सांगोल्याची मतं तेव्हा इतकी आणि आता इतकी" अशी सरळ तुलना करू नका, मी पहिल्या तक्त्यात केली होती आणि तो मग फाडला.

2019 ला वयामुळं आबासाहेब उभे राहिले नाहीत, नातू अनिकेत देशमुख उभे राहिले आणि शहाजीबापूंकडून 768 मतांनी पडले. आधी 192 आणि आता 768, बापूंचे दोन्ही विजय असे काठावरचे. पुढं ते झाडी-डोंगरवाल्या फोनमुळं देशभर गाजले. 30 जुलै 2021 ला आबासाहेब गेले. 2024 ला दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी जागा परत शेकापकडं आणली. हे सगळं नेटवर आहे, यासाठी कुणी एसटीनं जाऊ नका.

अपिलाची सुनावणी पण झाली बरं का, कागद हातात आल्यावर. गेलो. साहेब चांगले होते, पाणी दिलं, अर्ज वाचला आणि म्हणाले ही माहिती तर तुमच्याकडं आहेच की, मग अपील निकाली काढू? मी म्हटलं काढा. गावांच्या यादीचं त्यांना विचारलं तर म्हणाले तो वेगळा विषय आहे, वेगळं अपील करा. तर 1978 च्या आधीची सांगोला मतदारसंघाची गावांची यादी, किंवा त्या वेळच्या मतदार यादीचं नुसतं पहिलं पान जरी कुणाच्या घरी माळ्यावर पडलं असेल तर फोटो पाठवा. स्टॅम्प मी आणून ठेवलाय, पण नको वाटतंय.