धोंड्याचा महिना आणि आमचे दाजी

एप्रिल, रात्र

दाजींच्या, म्हणजे आमच्या पाळीव सरड्याच्या, पेटीतल्या थंड कोपऱ्यातला थर्मामीटर आत्ता ३३ दाखवतोय. थंड कोपरा म्हणे! रात्रीचे साडेअकरा वाजलेत, पेटीतले दिवे बंद, खोलीत कूलर चालू, तरी ३३. पुण्याच्या मैत्रिणीला जर्मनीत नोकरी लागली म्हणून तिने दाजींना माझ्याकडे सोडलं तेव्हा चार पानं टिपणं लिहून दिली होती, त्यात आहे की थंड कोपरा २५ ते २८, बसायच्या दगडावर ४० च्या आसपास, आणि रात्री २० पर्यंत उतरलं तरी चालतं. चारही पानं प्राणी गरम कसा ठेवायचा यावरच आहेत, कोणता बल्ब, किती वॅट, सिरॅमिक हीटर, थर्मोस्टॅट. इंटरनेटवर बघावं तर तिथेही सगळे थंड देशात बसून ऊब देण्याच्या मागे. भुसावळच्या उन्हाळ्यात ह्याला गार कसं ठेवायचं हे कुठेच धड सापडलं नाही, म्हणून म्हणलं आपणच लिहून ठेवू, पुढच्या वर्षी परत लागेलच.

तर दाजी म्हणजे बिअर्डेड ड्रॅगन. ड्रॅगन वगैरे नावापुरतंच, हातभर लांब सरडा आहे आणि त्यातली निम्मी शेपटी. रंग वाळल्या मातीचा, अंगाच्या दोन्ही कडांना काट्यांची रांग (दिसतात भयंकर, हाताला मऊ लागतात), आणि गळ्याखाली झालर, जी राग आला की फुगते आणि काळीकुट्ट होते, तीच ती दाढी. मूळ गाव मध्य ऑस्ट्रेलिया. पण ऑस्ट्रेलिया आपले जंगली प्राणी असे पाळायला बाहेर जाऊ देत नाही, त्यामुळे हे महाशय पिढ्यान्‌पिढ्या पेटीतच जन्मलेले, वाळवंट त्यांनी बघितलेलंच नाही. मैत्रिणीने नाव स्मोकी ठेवलेलं. आईने पहिले काही दिवस लांबूनच बघितलं आणि मग निकाल दिला, "काही काम करत नाही, जागचा हलत नाही, ताट समोर आलं की एक डोळा उघडतो आणि मनासारखं नसलं की तोंड फिरवतो, हा जावईच दिसतो." तेव्हापासून दाजी.

जो येतो तो एकच बोलतो, अरे मग बरंय ना, वाळवंटातला प्राणी, त्याला आपल्याकडे घरच्यासारखं वाटत असेल! पप्पांचे मित्र बोलले, दूधवाला बोलला, बँकेतले सगळे बोलले. आधी मी हसून सोडून द्यायची, आता थांबवून सांगते. वाळवंटातला प्राणी ऊन सहन करत नाही हो, ऊन चुकवतो. सकाळी उन्हात बसून अंग तापवायचं, तापलं की सावलीत सरकायचं, दुपारी बिळात नाहीतर झुडपाखाली जायचं, संध्याकाळी परत बाहेर. थंड रक्ताचा म्हणजे अंगाची गरमी आतून तयार होत नाही, बाहेरून घ्यायची आणि जास्त झाली की जागा बदलून टाकायची, एवढाच त्याचा धंदा. पेटीत कोंडून सगळीकडे ४२ केलं तर सरकणार कुठे? मरेल तो. आणि आपण तरी काय वेगळं करतो, मे महिन्यात दुपारी एक ते चार भुसावळच्या रस्त्यावर कुत्रं दिसत नाही, सगळी दुकानं अर्ध्या शटरवर, शेतावरची माणसं पहाटे जाऊन अकराच्या आत घरी. आपल्याला कोणी म्हणत नाही की तुम्ही खान्देशातले, तुम्हाला तर ऊन आवडत असेल.

दुसऱ्या दिवशी

सकाळी साडेसात ते आठ गच्चीवर. ही वेळ मला फार आवडते. पेटीतून काढला तेव्हा अंग काळपट असतं, गडद रंगाने ऊन लवकर शोषलं जातं, मग उन्हात ठेवला की पोट चपटं करून भाकरीसारखा पसरतो आणि हळूहळू रंग फिका होत जातो, शेवटी अगदी वाळूसारखा. तो रंग आला आणि तोंड थोडं उघडलं की समजायचं झालं पोटभर. तोंड उघडून बसणं म्हणजे जास्तीची गरमी बाहेर टाकणं. उन्हात तोंड उघडलं तर ठीक, पण सावलीत बसून तोंड उघडं असेल तर धावायचं.

ऊन खिडकीच्या काचेतून दिलं तर उपयोग नाही, काच उन्हातले यूव्हीबी किरण अडवते आणि यूव्हीबीशिवाय अंगात डी३ जीवनसत्त्व होत नाही, डी३ नाही तर कॅल्शियम मुरत नाही, मग हाडं मऊ पडतात, जबडा रबरासारखा वाकतो. म्हणून एक गच्ची आणि दुसरी पेटीतली यूव्हीबीची ट्यूब.

आज घार फिरत होती वर. मला दिसायच्या आधी दाजींना कळलं, एकदम अंग जमिनीला चिकटवून गप्प. डोक्याच्या मधोमध एक फिकट ठिपका आहे, तो तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, उजेड आणि सावली तेवढी कळते, म्हणून ह्याला वरून कधी उचलायचं नाही, समोरून हात खाली न्यायचा आणि त्याच्या मर्जीने चढू द्यायचं. जावई म्हणल्यावर मर्जी आलीच.

अखाजी

घर भरलं. ताई सुरतहून आली, सोबत खरे दाजी आणि भाचा. गच्चीच्या जिन्यात झोका बांधला, पितरांची घागर भरून झाली, आईने खापरावर पुरणाचे मांडे केले, आमरस तर पातेलंभर. जेवून खरे दाजी ओसरीवर आडवे झाले आणि पेटीतले दाजी दगडावर आडवे झाले, आणि आई एकदा इकडे बघते एकदा तिकडे, आणि ताईने मला स्वयंपाकघरात ओढून विचारलं की नाव नक्की कोणी ठेवलं. मी पप्पांचं नाव सांगून मोकळी झाले.

शेजारच्या काकू मूळच्या पारोळ्याकडच्या, त्या पेटीजवळ येऊन, "हाऊ काय शे वं माय? घोरपड शे का?" म्हणलं नाही हो काकू, घोरपड असती तर आत्ता वनखात्याचे लोक दारात असते, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे, पाळणं सोडा, पकडणंही गुन्हा. काकूंना कायद्यात काही रस नव्हता. "चावस का?" एवढंच. चावत नाही म्हणल्यावर नातवाला पुढे केलं. तेवढ्यात दाजींनी एक पुढचा पाय उचलून हवेत सावकाश गोल फिरवला आणि सगळी पोरं ओरडली, टाटा करतोय, टाटा करतोय! टाटा कसला, त्यांच्यात त्याचा अर्थ मी लहान आहे, माझ्याशी भांडू नका. एवढी गर्दी बघून बिचाऱ्याने शरणागती पत्करली होती. मी काही बोलले नाही, पोरं पण टाटा करत होती, सगळे खुशीत. फक्त हात लावणाऱ्या प्रत्येकाला साबणाने हात धुवायला नळावर पाठवलं, सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंगावर साल्मोनेला नावाचा जंतू असू शकतो आणि लहान पोरांना तो लवकर लागतो, यात मी कोणाचं ऐकत नाही.

भाच्याने केळं अर्धं सोलून पेटीत धरलं. आपल्या जिल्ह्यात पाहुण्याला केळं देणं बरोबरच आहे म्हणा, पण केळ्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम नावाला. ह्याला उलटं लागतं, कॅल्शियम फॉस्फरसच्या दुप्पट. म्हणून ताटात काय, तर शेवग्याचा पाला, निवडुंगाची काटे काढून चिरलेली फडी, थोडा लाल भोपळा किसून, जास्वंदाचं फूल. फूल दिलं की डोळे दोन्ही उघडतात. पालक जवळजवळ बंदच, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियमला धरून बसतं.

किड्यांचं प्रकरण मात्र ताईपासून लपवलं होतं ते भाच्याने शोधून काढलं. कपाटामागच्या डब्यात गव्हाच्या कोंड्यात मीलवर्म आणि दुसऱ्या डब्यात डुबिया झुरळं. ताई किंचाळली. आई शांतपणे म्हणाली, "दर दिवाळीला झुरळं मारायला औषध आणतो आम्ही, आणि ही झुरळांना गाजर चिरून घालते." बरोबरच आहे, किडा जे खाईल तेच शेवटी दाजींच्या पोटात जाणार, म्हणून किड्याला गाजर, आणि देताना वरून कॅल्शियम पावडर. मोठा झाल्यावर मुख्य जेवण पाल्याचं, किडे आठवड्यातून थोडेच. पप्पा म्हणतात एवढा खर्च कशाला, शेतातून नाकतोडे आणू की पिशवीभर. पण आपल्या शेतात कपाशी, बाजूच्याच्यात केळी, फवारणी कधी झाली कुठली झाली कोणाला माहीत, त्या नाकतोड्याच्या अंगावर काय असेल देव जाणे. शेतातला एकही किडा नाही, हे ठरलेलं.

धोंड्याचा महिना, दुपार

४५ च्या वर गेलाय आणि लाईट गेली.

लाईट गेली की कूलर गेला, आणि कूलर गेला की ही खोली बघता बघता ३९-४० होते. त्यामुळे आता सगळी व्यवस्था लाईट नाही असं धरूनच केलीये. तापवायचा दिवा सकाळी तासभर, मग दिवसभर बंद. दुपारी दाजी पेटीत नसतातच, खालच्या खोलीत न्हाणीघराच्या भिंतीला लागून फरशीवर त्यांचा मुक्काम, तिथे शहाबादी आहे आणि ऊन कधीच येत नाही. आईचं मांड्यांचं जुनं खापर होतं, कडेला तडकलेलं, ते पालथं घालून एका बाजूने विटेचा टेकू दिला, वरून ओलं गोणपाट. पाणी उडत जातं तसं खापर गार होतं, माठाचंच तंत्र, आतला थर्मामीटर ३१-३२ च्या पुढे जात नाही. दाजींनी पहिल्याच दिवशी आत शिरून मातीला गाल टेकवला आणि शेपटी बाहेर ठेवून झोपले. वाटीतलं पाणी ते पीत नाहीत, साचलेलं पाणी त्यांना दिसतच नाही बहुतेक, नाकावर ड्रॉपरने थेंब सोडला की मग जीभ निघते, मग चाटत राहतात, पाच मिनिटं. आंघोळीला कोमट पाणी लिहिलंय टिपणात. इथे नळाचं पाणीच इतकं कडक की त्यात माठातलं गार ओतून कोमट करावं लागतं.

रात्री वाचत बसले होते. ह्यांची अंडी ३२ च्या वर उबवली तर जी पिल्लं नर व्हायला हवीत ती मादी होऊन निघतात, २०१५ साली नेचर ह्या विज्ञानाच्या नियतकालिकात आलं होतं की ऑस्ट्रेलियाच्या जंगलात हे खरोखर घडतंय, जनुकं नराची आणि अंडी घालतेय. आईला सांगितलं. ती निवडणं थांबवून म्हणाली, म्हणजे भुसावळला सगळ्या लेकीच होतील. मग थोडा वेळ गप्प बसून म्हणाली, आणि जावई कुठून आणायचे मग.

हिवाळ्याचंही लिहून ठेवते, कारण ह्याच खोलीत जानेवारीत पहाटे १२ असतं. तेव्हा दाजी खाणं सोडून कोपऱ्यात झोपून होते, आईला वाटलं गेले, खरं म्हणजे मलाही दोनदा वाटलं. त्यांच्यात थंडीत असं झोपायची पद्धतच आहे. इथल्या डॉक्टरांना विचारलं, भला माणूस, गायी-म्हशींचं सगळं कळतं, म्हणाले मॅडम ह्याचं वजन करत जा, वजन टिकून असेल तर झोपू द्या. स्वयंपाकघरातला काटा वापरला, आईला अजून माहीत नाही.

मृग लागला

पहिला पाऊस पडला काल रात्री. बाहेरच्या ट्यूबलाईटखाली किड्यांचा खच. भाचा परत आलाय, खऱ्या दाजींना धोंड्याचं जेवण होतं ना, तर तो बरणी घेऊन किडे गोळा करायला निघाला. त्याला धरून बसवलं आणि काजव्याचं सांगितलं. काही जातींच्या काजव्यांच्या अंगात विष असतं, तसा एक काजवा पोटात गेला तरी असा सरडा मरू शकतो. भंडारदऱ्याकडे पावसाच्या तोंडावर झाडं झगमगतात म्हणून सगळे बघायला जातात, इथे गावात क्वचित एखादा दिसतो, पण तो एकच पुरे. बरणी रिकामी करून घेतली. रडला थोडा, मग मीलवर्म मोजायला दिले तर खूश.

हवा एकदम बदलली. कालपर्यंत कोरडी होती म्हणून कूलर चालत होता, आता कूलरने नुसती चिकचिक होते आणि दमट हवेत ह्यांना छातीचं दुखणं लागतं, म्हणून कूलर बंद, साधा पंखा, खापरावरचं गोणपाट पण काढून टाकलं. गच्चीवरचं ऊन आता ढगांच्या भरवशावर, म्हणजे सगळा भार पेटीतल्या ट्यूबवर, आणि तिला वर्ष होत आलं. उजेड अजून तसाच पडतो, पण त्यातलं यूव्हीबी संपत आलेलं असतं, डोळ्यांना कळत नाही. इथे कुठल्याच दुकानात ती मिळत नाही, मुंबईहून मागवली. किंमत ऐकून पप्पांनी चष्मा काढला.

आईनेच बाजू घेतली माझी. म्हणाली, धोंड्याच्या महिन्यात जावयाला दिवा द्यायचाच असतो, एकाला चांदीचा दिला, दुसऱ्याला हा देऊ. खरे दाजी ताटावर बसलेले होते, अनारसा हातात, त्यांनी विचारलं दुसरा कोण.