स्कॅनर हँग झाले आणि गेट ६ वर गर्दी डुलायला लागली

स्टेडियम सिक्युरिटीत बरीच वर्षं काढलीत, पण त्या इंटरनॅशनल मॅचच्या संध्याकाळी जी तंतरली तशी कधीच नाही. मी कंट्रोल रूममध्ये होतो. ब्रीफिंगमध्ये सगळा भर बॉम्ब, ड्रोन आणि टीमच्या बसवर, आणि ते बरोबरच आहे म्हणा, १९७२ ला म्युनिकमध्ये इस्रायली टीममधले ११ जण मारले गेले, २००९ ला लाहोरात श्रीलंकेच्या बसवर गोळीबार झाला. पण आमची वाट लावली ती तिकीट स्कॅनर्सनी.

मॅचला तासभर राहिलेला आणि गेट ६ च्या बाजूचे सगळे स्कॅनर हँग. पहिली शंका सायबर अटॅकचीच आली, कारण २०१८ च्या प्योंगचांग विंटर ऑलिंपिकमध्ये ओपनिंग सेरेमनीच्या वेळीच असा अटॅक होऊन वेबसाइट बसलेली, लोकांना तिकिटं प्रिंट करता येईनात. आयटीवाले कारण शोधत बसले, पण गर्दी थोडीच थांबणार?

स्क्रीनवर बघतो तर गेट ६ समोर माणसं चालत नव्हती, डुलत होती. सगळी डोकी एकदम डावीकडे, मग एकदम उजवीकडे. हे दिसलं की समजायचं, आता कोणीच स्वतःच्या पायावर उभा नाहीये. एका बापाने पोरगी उचलून बॅरिकेडवरून आमच्या गार्डकडे दिली. वॉकीटॉकीवर एकच कल्ला, "सर गेट उघडा, सर गेट उघडा."

सरसकट उघडलं की चेकिंग गेलं, आणि ज्याला काही घेऊन आत घुसायचंय त्याला हाच चान्स. २०१५ ला पॅरिसमध्ये हल्लेखोरांनी स्टेडियमबाहेर स्फोट केले, ते आत भरल्या स्टँडमध्ये झाले असते तर? आणि नाही उघडलं तर इथेच चेंगराचेंगरी.

शेवटी सिनियर म्हणाले, तिकीट नुसतं बघून आत घ्या, फुकटे घुसले तर घुसू देत, पण फ्रिस्किंग (अंगझडती) आणि बॅग चेक सोडायचं नाही. मागून येणाऱ्यांना लांब बाहेरच्या नाक्यावरच रोखलं, व्हीआयपी गाड्यांची लेन बंद करून पायी लोकांना दिली. हळूहळू डोकी सुटी दिसायला लागली. नंतर कळलं, अटॅक-बिटॅक काही नव्हता, नेटवर्कचा एक स्विच उडालेला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये पहिला प्रश्न काय, तर व्हीआयपी गाड्या का अडवल्या? गेट ६ चं फुटेज लावून दाखवलं, तरी एकजण म्हणालाच, आधी फोन करून विचारायचं होतं.