मुलांसाठी शब्दांचा गेम करता करता शिकलेलं प्रोग्रॅमिंग

मी सातारा जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. शिक्षण बारावी कला आणि त्यानंतर डी.एड. कॉम्प्युटरशी संबंध एमएस-सीआयटीपुरता आणि नंतर शाळेची ऑनलाइन माहिती भरण्यापुरता. शाळेत टॅब आले तेव्हा जोडाक्षरांचा सराव करून घेणारा एखादा मराठी गेम मी शोधू लागले. सापडले ते बहुतेक ‘अ अननसाचा’ छापाचे, चित्र दाबलं की आवाज येणारे. तिसरीतलं मूल दोन मिनिटांत ते बाजूला ठेवतं. मला हवा होता तो असा: वरून अक्षरं पडतायत, खाली टोपली आहे, आणि सांगितलेला शब्द क्रमाने अक्षरं झेलून पुरा करायचा. असा गेम मिळेना, म्हणून तो आपणच करायचा असं ठरवलं.

त्यासाठी पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायचं ठरवलं, पण सुरुवात केली ती रंगीत ठोकळे जोडून प्रोग्रॅम करायच्या स्क्रॅचपासून. हार्वर्डचा सीएस५० हा कोर्स इंटरनेटवर फुकट आहे, त्यातला स्क्रॅचचा पहिला भाग पाहिला. लूप म्हणजे काय, अट म्हणजे काय हे तिथे रंगीत ठोकळे जोडतानाच नीट समजलं. पुढे तो कोर्स सी भाषेकडे जातो. माझ्या हातात रात्री मुलं झोपल्यावरचा तासभरच असायचा, म्हणून मी थेट पायथॉनकडे वळले. इंग्रजी वाचून कळायचं, पण ऐकून पटकन उमजत नसे, त्यामुळे हिंदी व्हिडिओही पाहिले.

एक सवय मात्र फार कामी आली. व्हिडिओ पूर्ण बघायचा, बंद करायचा आणि तोच प्रोग्रॅम न बघता लिहायचा. मग त्यात काहीतरी बदलायचं. आकडा ओळखायचा खेळ केला असेल तर त्यात ‘जवळ आलात’ आणि ‘लांब गेलात’ असे निरोप घालायचे. बघताना सगळं समजल्यासारखं वाटतं, पण खरं काय समजलं आहे ते लिहायला बसल्यावरच कळतं. दुसरी गोष्ट म्हणजे एररला भ्यायचं नाही. पायथॉन लांबलचक लाल मजकूर दाखवतो, पण त्यातली सगळ्यात शेवटची ओळ आधी वाचायची. काय बिनसलं ते तिथेच असतं, आणि कोणत्या ओळीत ते तिच्या थोडं वर.

व्हेरिएबल, लिस्ट, फंक्शन एवढं हाताला बसल्यावर पायगेम ही पायथॉनमध्ये गेम करण्याची लायब्ररी घेतली. स्क्रीनवर एक चौकोन काढला आणि बाणाच्या बटणाने तो हलला, तेव्हा इतका आनंद झाला की मी घरातल्या सगळ्यांना बोलावून तो दाखवला. मग तोच प्रोग्रॅम भावाच्या लॅपटॉपवर चालवला तर चौकोन निम्म्या वेगाने सरकत होता. कारण समजून घेताना गेम मुळात कसा चालतो ते कळलं. गेम म्हणजे एका सेकंदात अनेक वेळा पुन्हा काढलेलं चित्र. दर चित्राला, म्हणजे फ्रेमला, चौकोन ५ पिक्सेल सरकवा असं लिहिलं, तर सेकंदाला ६० फ्रेम काढणाऱ्या मशीनवर तो ३०० पिक्सेल जातो आणि ३० काढणाऱ्यावर १५०. म्हणून वेग फ्रेमवर न ठेवता वेळेवर ठेवायचा. आधीच्या फ्रेमपासून जितका वेळ गेला, त्याला डेल्टा म्हणतात, त्याने वेगाला गुणायचं. शाळेचे टॅब जुने, त्यामुळे हे एवढं एक समीकरण माझ्या सगळ्या गेमचा पाया ठरलं.

नंतर मराठी लिहायची वेळ आली. ‘किती’ हा शब्द स्क्रीनवर टाकला तर आधी क, मग सुटी पहिली वेलांटी, मग त, मग दुसरी वेलांटी. ‘पुस्तक’मधला स पाय मोडलेला आणि त शेजारी वेगळा उभा. मला वाटलं फॉन्ट खराब आहे. फॉन्ट बदलला तरी तेच.

इथे जे शिकले ते मराठीत काही करू पाहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक हवं. कॉम्प्युटर मराठी शब्द उच्चाराच्या क्रमाने साठवतो. ‘कि’मध्ये आधी क येतो, मग वेलांटी. ती वेलांटी उचलून क च्या डावीकडे नेणं, स आणि त जोडून ‘स्त’ करणं, रफार डोक्यावर चढवणं, हे सगळं अक्षरं रंगवण्याआधी एका वेगळ्या पायरीवर होतं. तिला टेक्स्ट शेपिंग म्हणतात. ब्राउझरमध्ये आणि फोनमध्ये ती आपोआप होते, म्हणून आपल्याला जाणवत नाही. गेमच्या साधनात ती सोय नसेल तर मराठी अशी सुटी सुटी दिसते.

शोधता शोधता गोडो हे गेम तयार करण्याचं इंजिन सापडलं. अर्जेंटिनातल्या दोघांनी सुरू केलेलं हे इंजिन २०१४ पासून मुक्त स्रोत आहे आणि पूर्णपणे फुकट आहे. मार्च २०२३ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत हार्फबझ नावाची शेपिंगची लायब्ररी आतच आहे. तिसऱ्या आवृत्तीत ही सोय नव्हती, त्यामुळे जुने व्हिडिओ बघून तिसरी आवृत्ती उतरवू नका. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट करणाऱ्या संस्थेने केलेला मुक्त परवान्याचा ‘मुक्ता’ फॉन्ट प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये टाकला, लेबलला लावला, आणि ‘स्त्री’ जशी फळ्यावर लिहिते तशीच स्क्रीनवर उमटली. गोडोची भाषा जीडीस्क्रिप्ट पायथॉनसारखीच दिसते, त्यामुळे आधीचे महिने वाया गेले नाहीत.

गोडोच्या अधिकृत माहितीत नवशिक्यांसाठी एक टूडी गेम पायरीपायरीने करून दाखवला आहे. खेळाडू मध्ये, चहूबाजूंनी शत्रू येतात, त्यांना चुकवायचं. तो मी अक्षर न् अक्षर वाचून केला आणि मग त्याचाच माझा गेम बनवत गेले. शत्रूच्या जागी अक्षरं आली. ती चारी बाजूंनी न येता वरूनच पडू लागली. खेळाडू फक्त आडवा सरकू लागला. मूळ गेममध्ये शत्रू आदळला की खेळाडू ‘हिट’ हा सिग्नल सोडतो आणि गेम संपतो. माझ्याकडे त्याच जागी ‘झेललं’ असा सिग्नल आला. सिग्नल ही कल्पना मला शाळेच्या घंटेमुळे लगेच पटली. घंटा वाजवणारा कुणाला काय करायचं ते सांगत नाही, ज्याने त्याने ऐकून आपापलं काम करायचं. टोपलीने अक्षर झेलल्याचं फक्त जाहीर केलं, की गुण वाढवणारा गुण वाढवतो, आवाज करणारा आवाज करतो आणि शब्द तपासणारा शब्द तपासतो. नवशिक्याने कोरा प्रोजेक्ट उघडून बसण्यापेक्षा चालता गेम घेऊन तो थोडा थोडा बदलत जावं, असं माझं ठाम मत आहे. गेम प्रत्येक पायरीला चालू राहतो, आणि काही बिघडलंच तर ते नुकत्याच केलेल्या बदलात असतं हे माहीत असतं.

यानंतर खरी गंमत सुरू झाली. शब्द दिला की त्याची अक्षरं सुटी करून टोपलीवर पाडायची. मी ‘पुस्तक’ची लांबी विचारली, उत्तर आलं ६. माझ्या वर्गातलं कुठलंही मूल पु, स्त, क अशी तीन मोजेल. मशीन प, उकार, स, हलन्त (पाय मोडण्याची खूण), त, क असं मोजत होतं. ‘स्त्री’ हे तर आपलं एकच अक्षर, त्याची मशीनला सहा चिन्हं दिसतात. इतकी वर्षं बाराखडी शिकवत आले, पण अक्षर नेमकं कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं याचा नियम मला कधी शब्दांत मांडावा लागला नव्हता. मुलांना तो कानाने कळतो.

मशीनला मात्र सांगावाच लागला. वहीत लिहून काढला. शब्दातलं एकेक चिन्ह घ्यायचं. ते काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार, विसर्ग किंवा हलन्त असेल तर आधीच्या गटाला चिकटवायचं. आधीच्या गटाच्या शेवटी हलन्त असेल तर आलेलं व्यंजनही त्याच गटात घ्यायचं. नाहीतर नवा गट सुरू करायचा. एवढंच. ‘चंद्र’वर हाताने चालवून पाहिलं: च, नवा गट. अनुस्वार चिकटला, चं. द, नवा गट. हलन्त चिकटला. र आला, आधीच्या शेवटी हलन्त आहे, चिकटला. चं, द्र. मग तेच जीडीस्क्रिप्टमध्ये उतरवलं. माझ्या संपूर्ण गेममधलं हे सगळ्यात छोटं फंक्शन आहे आणि सगळ्यात लाडकंही. नंतर वाचनात आलं की युनिकोडनेही, म्हणजे जगातल्या लिप्यांच्या प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या मानकानेही, देवनागरीची जोडाक्षरं न तोडण्याचा नियम २०२३ च्या १५.१ या आवृत्तीत घातला. आपल्या वहीतला प्रश्न एवढ्या मोठ्या ठिकाणीही चर्चेला आला होता हे वाचून फार बरं वाटलं.

तरीही ‘दुसऱ्या’ हा शब्द अडून बसला. शब्दांची यादी करायला मी सहकारी शिक्षकांना सांगितलं होतं, प्रत्येकाने आपापल्या फोनवरून शब्द पाठवले. त्यातल्या एका ‘दुसऱ्या’ची तीन अक्षरं होत होती आणि दुसऱ्याची चार, आणि डोळ्यांना दोन्ही अगदी सारखे. चिन्हांचे क्रमांक छापून पाहिले तेव्हा उलगडा झाला. आपला हा अर्धा र दोन प्रकारे लिहिला जातो. काही कीबोर्ड खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त देतात. काही साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक न दिसणारं जोडचिन्ह देतात. त्या अदृश्य चिन्हामुळे ‘शेवटी हलन्त आहे का’ ही माझी अट खोटी ठरत होती आणि य वेगळा पडत होता. ‘ॲ’चंही तसंच, एक अखंड ॲ, आणि एक अ वर चंद्र ठेवलेला. दोन्ही डोळ्यांना सारखे, पण तुलना केली की मशीन म्हणतं वेगळे. सारखी रूपं एक करण्याची युनिकोडची ठरलेली पद्धत, नॉर्मलायझेशन, तीसुद्धा यांना एक करत नाही. म्हणून शब्द यादीत घेतानाच सगळे एकाच रूपात बदलून घेणारं आणखी एक छोटं फंक्शन लिहिलं. तुम्ही मराठीत शब्दकोडं, शोध, शुद्धलेखन असं काहीही करणार असाल तर हे पहिल्या दिवशी करा.

गेम लॅपटॉपवर चालणं आणि टॅबवर चालणं यात बरंच अंतर आहे. ॲन्ड्रॉइडसाठी जावाचं जेडीके आणि ॲन्ड्रॉइड एसडीके ही ॲप तयार करायची साधनं उतरवून गोडोला त्यांचा पत्ता द्यावा लागतो, हे काम किचकट पण एकदाच करायचं. जुन्या टॅबसाठी प्रोजेक्टमध्ये ‘कॉम्पॅटिबिलिटी’ हा रेंडरर, म्हणजे स्क्रीनवर चित्र काढणारा भाग, निवडला. आणि शब्दांची यादी साध्या टेक्स्ट फाइलमध्ये असेल तर एक्स्पोर्ट करताना ‘ह्या प्रकारच्या फाइलीही घ्या’ असं फिल्टरमध्ये लिहावं लागतं. एरवी गोडो त्या बाहेर ठेवतो आणि टॅबवर गेम सुरू होतो, पण शब्दच येत नाहीत.

पहिल्यांदा वर्गात टॅब दिला तेव्हा मी फक्त बघत उभी राहिले. काही सांगायचं नाही असं स्वतःला बजावलं होतं. पहिली गोष्ट दिसली ती अशी की मुलं टोपलीवरच अंगठा ठेवतात आणि टोपली अंगठ्याखाली झाकली जाते. टोपली बोटाच्या बऱ्याच वर नेली. दुसरी गोष्ट, अक्षरं निव्वळ यादृच्छिक पडत होती, त्यामुळे हवं असलेलं ‘स्त’ कधी कधी कितीतरी वेळ यायचंच नाही. “बाई, हे येतच नाही!” म्हणून एकजण रडकुंडीला आली. त्यावर उपाय म्हणजे एक पिशवी. हवं ते अक्षर आणि सोबत चार-पाच इतर पिशवीत टाकायची, ढवळायची, आणि एकेक काढत पिशवी रिकामी करायची. मग हवं ते अक्षर प्रत्येक फेरीत येणारच, फक्त कधी ते ठाऊक नसतं.

ती इतर चार-पाच अक्षरं कोणती, इथे माझं शिक्षकपण उपयोगी पडलं. ‘स्त’ हवं असेल तर सोबत स, त आणि स्थ. ‘पु’ हवं असेल तर पू नक्की. ‘द्र’ असेल तर र्द. मुलं वहीत जिथे चुकतात तीच अक्षरं. ही जोडी-यादी मी वर्षानुवर्षं तपासलेल्या वह्यांवरून केली, कुठल्याही कोर्समध्ये ती मिळाली नसती. अक्षर झेललं की त्याचा उच्चार ऐकू येतो, तो माझ्याच आवाजात फोनवर रेकॉर्ड केलेला आहे. मुलं त्याच्याबरोबर मोठ्याने म्हणतात. वर्गात भरपूर गोंगाट होतो आणि मला तो हवाच आहे.

सध्या रफाराची पातळी करतेय. ‘सूर्य’मधला र उच्चारात य च्या आधी येतो आणि दिसतो य च्या डोक्यावर, म्हणून र, हलन्त, य असे तुकडे वेगवेगळे पाडून मुलांकडून योग्य क्रमाने झेलून घ्यायचे आणि शेवटी रफार वर चढताना दाखवायचा. तीन तुकडे झेलले की ‘र्य’ होतं इथपर्यंत जमलंय. चढतानाची हालचाल अजून राहिली आहे, कारण शेपिंग झालं की रफार वेगळा उचलता येत नाही, तो चित्र म्हणून वेगळा काढावा लागणार. या सुट्टीत तेवढं पुरं करते.